तळघराची फोटोवाली

आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ त्यांच्यामागं आम्ही दोघी बहिणी चालवतो. फोटो ताई काढते, काउंटर मी सांभाळते. रस्त्याला लागून असलेली ही एक खोली, मागं पडदा, पडद्यासमोर स्टूल, स्टुलावर बसणाऱ्याला केस सारखे करायला आरसा. येणारे बहुतेक ओळखपत्राच्या फोटोसाठी येतात. दिवसभर माझ्या कानावर ताईचं एकच पालुपद असतं. चष्मा काढा, हनुवटी जरा खाली, हसू नका. "हसू नका" ऐकलं की निम्मी माणसं हसतात आणि फोटो पुन्हा काढावा लागतो.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बोलायला कमी, बघायला जास्त. आई म्हणायची, "हिला डोळे देताना देवानं हात सैल सोडला आणि तोंड देताना आखडता घेतला." लग्नाचा विषय आईनं पुष्कळ वर्षं लावून धरला आणि मग एक दिवस कानाला खडा लावला. लोकांच्या लग्नात ताई उभी असायची ती कॅमेऱ्याच्या मागं, आणि तिथं ती सुखात होती.

एकदा एक मुलगा ओळखपत्राच्या फोटोसाठी आला. कुरिअर कंपनीत लागला होता. स्टुलावर बसला, पण त्याचं तोंड काही बंद होईना. बोलत नव्हता, ओठ मात्र सारखे हलत होते.

"काय पुटपुटतोयस?" ताईनं विचारलं.

"पाठ करतोय," तो म्हणाला. "आज दुपारी म्हणायचंय."

"म्हण मग एकदाचं, आणि तोंड मिट."

त्यानं म्हणून दाखवलं. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत बाराव्या मजल्यावर पार्सल नेणाऱ्या माणसाचं ते रॅप होतं. पायऱ्या चढाव्या तसा त्याचा श्वास शब्दागणिक वर चढत होता आणि शेवटी दार उघडणारी बाई म्हणते, "आम्ही काही मागवलं नाही." मी काउंटरवर हसू आवरत होते. ताई हसली नाही. तिनं विचारलं, "हे कुठं म्हणणार आहेस?"

त्या मुलाला सगळे पोपट म्हणायचे, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. त्या दिवशी घाईत काढलेल्या फोटोत त्याचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं. कंपनीनं तो फोटो चालवून घेतला.

पोपटनं ताईला तळघर दाखवलं. बंद पडलेल्या एका छापखान्याच्या खाली कागदाचं गोदाम होतं. वरची यंत्रं कधीच विकली गेली होती, पण खाली अजून शाईचा वास येत असे. सुटीच्या दिवशी दुपारी तिथं पोरं-पोरी जमायची. कुणी रॅप करायचं, कुणी नाचायचं, कुणी भिंती रंगवायचं. आठवडाभर हीच माणसं लिफ्ट चालवत, दुकानात साड्यांच्या घड्या घालत, दवाखान्यात केसपेपर काढत. त्यांच्या घरी यातलं काही ठाऊक नसायचं. "मैत्रिणीकडं अभ्यासाला", "जादा ड्युटी", "मॅच बघायला" अशा थापा मारून मंडळी तिथं यायची. कोवळ्या वयाचं तिथं कुणी नव्हतं, पण घरच्यांचा धाक वय बघून कमी होत नाही.

हे सगळं जमवलं होतं ते मास्तरनं. मास्तर शाळेत पोरांना ढोल-ड्रम शिकवायचा, तिथून त्याचं हे नाव. चाळिशीचा, टक्कल पडलेला, गडगडून हसणारा. आवाज बाहेर जाऊन शेजाऱ्यांनी ओरडा करू नये म्हणून त्यानं जुन्या गाद्यांचा फोम भिंतींना आणि छताला चिकटवला होता. मालकाकडून जागा त्यानंच मिळवली होती. कुणाची नोकरी गेली, कुणाला घरातून काढलं, की पहिला फोन मास्तरला जायचा.

पहिले काही आठवडे ताईनं कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. नुसती भिंतीला टेकून बसायची. मग हळूहळू फोटो काढू लागली, तेही फ्लॅश न मारता. नाचणारी एक मुलगी पहिल्यांदा कॅमेरा बघून आडोशाला गेली, तेव्हा ताईनं तिला सांगितलं, "तू म्हणशील तेव्हाच काढेन. नको म्हणालीस तर पुसेन, तुझ्यासमोर." ते तिनं पाळलं. वर्षभरात त्यांना तिची इतकी सवय झाली की ती कुणाच्या पायात आली तरी लोक तिच्यावरून उडी मारून जायचे. तिथं तिला फोटोवाली म्हणत. फोटो झाले, मग चित्रीकरण आलं, मग एक आख्खी फिल्म करायची हे तिच्या डोक्यानं घेतलं. चार वर्षं ती हे करत होती. घरी आल्यावर संगणकावर मला दाखवायची. स्टुलावर बसवलेले चेहरे आणि हे चेहरे एकाच शहरातले आहेत यावर माझा विश्वास बसायचा नाही.

त्या इमारतीला एक रखवालदार होता. म्हातारा, तुसडा, तोंडाळ. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पोरांना तो उंडगी म्हणायचा आणि कॅमेरा दिसला की चेहऱ्यावर हात धरायचा. पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करायची. त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानं तशी संधीही कुणाला दिली नव्हती.

तळघराला दोन वाटा होत्या. पुढून अरुंद जिना, आणि मागं गल्लीत उघडणारं सामानाचं लोखंडी दार. पोरं त्या दारातून सिगारेट ओढायला गल्लीत जायची. गल्लीतल्या लोकांनी मालकाकडं तक्रार केली. मालकानं मास्तरला बजावलं, मागच्या बाजूला एक जरी पोरगं दिसलं तर जागा खाली करावी लागेल.

आग लागली ती दुपारीच. लख्ख ऊन होतं. मी स्टुडिओत एका म्हाताऱ्या जोडप्याचे फोटो कापत होते. फोनवर कुणीतरी नुसतं ओरडत होतं, "तळघर, तळघर." जिन्याच्या तोंडाशी वायरीतून ठिणगी पडली आणि फोमनं पेट घेतला. फोमच्या आगीत ज्वाळेआधी धूर मारतो, हे मला नंतर कळलं. ताई जिन्यावर बसून चित्रण करत होती, म्हणून वाचली. कुणीतरी तिला वर ढकललं. कोण ते तिला आजतागायत माहीत नाही.

खाली नऊ जण गेले. त्यातला एक पोपट.

सगळे मागच्या दाराशी सापडले. दाराला बाहेरून कुलूप होतं.

मी रुग्णालयात पोचले तेव्हा ताईचं नाक-तोंड काळं झालं होतं आणि ती खाटेवर बसून राहिली होती, आडवी व्हायला तयार नव्हती. कॅमेरा गळ्यात तसाच. नर्सनं तो काढून माझ्या हातात दिला, मी तिच्या कपड्यांबरोबर पिशवीत भरून घरी आणला. पोलिसांनी त्याबद्दल विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. ताईचा जबाब झाला. दार कुणी बंद केलं, या प्रश्नाला ती म्हणाली, "आठवत नाही." ते खोटं नव्हतं. त्या दुपारचं तिला अर्धंच आठवत होतं.

मास्तर आग लागली तेव्हा रस्त्यावर होता, उशिरा येणाऱ्यांची वाट बघत. तो धावत गल्लीत गेला, पहारीनं दार फोडलं, आणि जे जिवंत होते त्यांना ओढून बाहेर काढलं. त्याचे दोन्ही तळहात भाजून सोलून निघाले. वर्तमानपत्रात त्याचा बँडेज बांधलेल्या हातांचा फोटो आला. त्यानं जबाबात सांगितलं की दार इमारतीच्या माणसांनी बंद केलं असणार. मालकानं हात वर केले. किल्ल्या रखवालदाराकडं असतात, तो म्हणाला, त्यालाच विचारा. म्हाताऱ्याच्या कमरेला तर जुडगाच होता. त्याला धरून नेलं. म्हातारा ओरडत होता की मी नाही, मी नाही, पण असं तर सगळेच म्हणतात. शहराला कुणीतरी हवं होतं, आणि त्याला कुणी वाली नव्हता. ज्या पोरांना खरं माहीत होतं त्यातली काही गेली होती, उरलेल्यांनी तोंडात गुळणी धरली. मास्तरनं त्यांना ओढून बाहेर काढलं होतं.

महिन्याभरानं लोक स्टुडिओत येऊ लागले. पहिले आले पोपटचे वडील. शहर बसवर ड्रायव्हर, खाकी गणवेशातच आले. काउंटरवर त्यांनी मुलाचं ओळखपत्र ठेवलं. कडा वितळलेल्या.

"हा फोटो मोठा करून मिळेल?" त्यांनी विचारलं. "घरात दुसरा नाही. आहे तो पाचवीतला."

मी तो फोटो हातात घेतला. आमच्याच स्टुलावरचा. तोंड अर्धवट उघडं.

आतून ताई बाहेर आली. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाली, "काका, हा नको. माझ्याकडं दुसरे आहेत." तिनं संगणक त्यांच्याकडं वळवला. पोपट हात पसरून उभा, पोपट घामानं निथळत हसणारा, पोपट कुणाच्या तरी खांद्यावर. ड्रायव्हरकाका बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, "हा काय करतोय इथं?"

"गातोय."

"आमचा?" ते म्हणाले. "घरात तर दहा वेळा विचारावं तेव्हा एकदा हो म्हणायचा."

ताईनं त्यांना बंद लिफ्टच्या इमारतीचं रॅप ऐकवलं. "आम्ही काही मागवलं नाही" ही ओळ आली तेव्हा काकांना हसू आलं आणि त्या हसण्यातच ते मोडले. मी शटर अर्धं खाली ओढलं.

मग बाकीचे येत गेले. कुणाची आई, कुणाचा थोरला भाऊ, एकीचा नवरा. प्रत्येकाला आपलं माणूस तिथं काय करत होतं ते बघायचं होतं. ताई त्यांना बसवून दाखवायची, हवे ते फोटो छापून द्यायची. फिल्म पुरी करायची असं तिनं तेव्हाच ठरवलं. नऊ घरांसाठी. खोकला तिच्या छातीत ठाण मांडून बसला होता, तरी ती संगणकासमोरून हलत नव्हती.

त्या दुपारचं चित्रण मात्र ती उघडत नव्हती. ते सगळ्यात शेवटी उघडलं, आणि मला शेजारी बसायला सांगितलं.

सुरुवातीला गल्ली दिसते. ऊन, रंगाचे डबे, पोरं आत शिरतायत. मग मास्तर येतो. लोखंडी दार ओढून घेतो, कडी लावतो, खिशातून कुलूप काढून अडकवतो. रखवालदार कडेला उभा आहे, चेहऱ्यावर हात धरून, पण आवाज स्वच्छ येतो. "ते दार लावू नका. सामानाचं दार आहे ते. माणसं आत असताना लावायचं नसतं." मास्तर त्याला कोपरापासून नमस्कार करतो. म्हणतो, "आजोबा, तुम्ही काळजी करू नका, कुणी पळून जाणार नाही." किल्ली वर उडवून झेलतो, खिशात टाकतो आणि कॅमेऱ्याकडं बघून गडगडून हसतो. पोरं हसतात. आणि अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या मागून, आणखी एक हसणं ऐकू येतं.

ते ताईचं होतं.

तिनं ते पुन्हा लावलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिली. पाणी वाहत होतं. आईनं बाहेरून विचारलं, "अगं काय झालं?" मी जाऊन नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरच्या घरी निघाली. मी म्हटलं, सरळ पोलिसांत दे. ती म्हणाली, "आधी त्याला सांगेन. त्याच्या पाठीमागं नाही." मी बरोबर गेले.

दोन खोल्यांचं घर. मास्तर खाटेवर बसला होता आणि त्याच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्याला भात भरवत होत्या. हातांची बँडेजं अजून सुटली नव्हती. ताईला बघून त्याचा चेहरा उजळला. "या फोटोवाली," तो म्हणाला, "बघा, लहान बाळ झालोय मी."

ताई खाली जमिनीवरच बसली. "मास्तर, त्या दुपारचं चित्रण बघितलं मी."

त्यानं घास गिळला. वहिनींना म्हणाला, "तू जरा आत जा." त्या गेल्या नाहीत. ताट घेऊन तिथंच थांबल्या.

"दाराचं आहे त्यात?" त्यानं विचारलं.

"आहे."

वहिनींनी पुढं केलेला घास त्यानं मानेनंच नाकारला. मग मास्तर म्हणाला, "किल्ली होती माझ्याकडं. मी विसरलो नव्हतो. सगळ्यांना वाटतं मी पहार घेऊन आलो. मी आधी किल्लीच घेऊन आलो होतो." तो आपल्या बँडेजांकडं बघत होता. "दार तापलं होतं. कुलूप हातात धरवेना. धरलं. किल्ली आत जाईना. आतून ते दारावर मारत होते. माझं नाव घेत होते गं. मग किल्ली पडली. मग पहार आणली." त्यानं हात जरा वर उचलले. "हात तिथंच भाजले. माणसं ओढताना नाही."

वहिनींच्या हातातलं ताट हळूच खाली टेकलं. त्यांनाही हे नवं होतं.

"म्हातारा आत आहे, मास्तर," ताई म्हणाली.

"माहितेय मला."

"त्यानं तुला नको म्हणून सांगितलं होतं."

"माहितेय म्हटलं ना!" तो ओरडला. मग आवाज उतरला. "मी गेलो तर हिचं काय, मुलीचं काय? म्हाताऱ्याला आज ना उद्या सोडतील, पुरावा काहीच नाही त्याच्याविरुद्ध. तू रोज कापतेस ना फिल्म? नको ते काढून टाकतेस. तेवढं एक काढून टाक. तिथं कुणी नको म्हणालं की पुसायचीस तू. मी नको म्हणतोय."

ताई खाटेच्या जरा जवळ सरकली. ती म्हणाली, "तूच जाऊन सांग. मी बरोबर येते. आपणहून सांगितलंस तर फरक पडेल."

मास्तरनं मान भिंतीकडं फिरवली.

ती आठवडाभर थांबली, त्यानं जावं म्हणून. सारखी फोनकडं बघायची. जेवण नाही, झोप नाही, खोकून खोकून डोळे लाल. मी एकदा चिडून म्हटलं, "तुला त्याला वाचवायचंय की म्हाताऱ्याला?"

"दोघांना," ती म्हणाली. "तेच तर होत नाहीये."

त्याच आठवड्यात ड्रायव्हरकाका फोटोची चौकट न्यायला आले. ताईनं त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, की नको, यांना नको. पण तिनं सांगितलं. काका ऐकत राहिले. गणवेशाच्या टोपीची कड बोटांनी फिरवत होते.

"मास्तर आमच्या घरी येऊन गेला," ते म्हणाले. "माझ्या गळ्यात पडून रडला. मीच त्याला पाणी दिलं." ते उठले. चौकट काखेत घेतली. दारापाशी जाऊन म्हणाले, "द्यायचं तर द्या. मला विचारू नका. मी हो म्हटलं तरी मुलगा यायचा नाही आणि नाही म्हटलं तरी."

दुसऱ्या दिवशी ताईनं चित्रणाची प्रत पोलिसांत नेऊन दिली. येताना माझ्या हाताला धरून चालत होती. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिला धरायचे तसं.

मास्तरला नेलं तेव्हा शाळेतल्या पोरांनी खिडक्यांत गर्दी केली होती म्हणे. मालकालाही नंतर पकडलं. जागेला परवानगीच नव्हती. पण त्याचे वकील तगडे, तो जामिनावर सुटला. मास्तरचा जामीन झाला नाही. शिक्षा झाली.

आणि आमच्या स्टुडिओवर संक्रांत आली. तळघरातून वाचलेली पोरं, जी रस्त्यात दिसली की "फोटोवाली!" म्हणून हाक मारायची, ती आता ताई दिसली की रस्ता बदलू लागली. एका सकाळी शटरवर रंगानं लिहिलेलं दिसलं, "खबरी". अक्षर सुंदर होतं. वळणावरून ताईनं ओळखलं कुणाचं ते. त्या मुलाला भिंती रंगवताना तिनं दोन वर्षं टिपलं होतं. मी थिनर आणि फडकं घेऊन आले, तर म्हणाली, "राहू दे. त्याचाही मित्र गेलाय." मग मात्र आईनंच फडकं हातात घेतलं आणि पुसून काढलं. पुसताना शिव्या दिल्या, त्या मी आईच्या तोंडून आधी कधी ऐकल्या नव्हत्या.

रखवालदार सुटला. ताई त्याला भेटायला गेली. मला वाटलं होतं, दोन शब्द तरी बरे बोलेल. तो एका भाच्याच्या पडवीत खुर्ची टाकून बसला होता. अंग निम्मं झालं होतं, कमरेला जुडगा नव्हता, आणि हात मात्र सारखा कमरेकडं जायचा. त्यानं ताईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुझ्या त्या डब्यात हे होतं," तो म्हणाला, "तर इतके दिवस काय करत होतीस?"

ताई म्हणाली, "आजोबा, बघायचं धाडस नव्हतं. मग बघितलं, तरी आठवडा घालवला."

"आत मला त्या पोरांपैकी एकाच्या बापानं मारलं. कुणाच्या ते माहीत नाही. भेटायला म्हणून आला आणि जाळीतून हात घालून मारलं. मी त्याला काय सांगणार होतो?" तो थुंकला. "हसत होतीस तू. मला ऐकू येतं अजून, म्हातारा असलो तरी."

ताई खाली मान घालून उभी राहिली. तो जा म्हणाला नाही आणि बस म्हणाला नाही. शेवटी भाचाच म्हणाला, "ताई, या आता."

फिल्म पुरी व्हायला आणखी वर्ष गेलं. एका वाचनालयाच्या सभागृहात, रविवारी दुपारी दाखवली. नऊ घरांपैकी सात आली. तळघरातली पोरं फारशी आली नाहीत, आली ती मागं उभी राहिली. ताईनं दाराचा भाग फिल्ममध्ये ठेवला होता. आपलं हसणंही. मी तिला सांगून बघितलं होतं, निदान तुझा आवाज काढ, कुणाला काय कळणार आहे? ती म्हणाली, "मास्तरनं कापायला सांगितलं ते मी कापलं नाही. मग माझं कसं कापू?"

तो भाग आला तेव्हा दोघं-तिघं उठून गेले. एका आईनं तोंडात पदर कोंबला. ड्रायव्हरकाका ताठ बसून होते, बस चालवताना बसतात तसे. नंतर पोपटचं रॅप आलं, नाचणारी मुलगी आली, घाम पुसणारे, वाद घालणारे, एकाच बाटलीतून पाणी पिणारे सगळे आले. दिवे लागले तरी लोक लगेच उठले नाहीत. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आणि ते बरंच झालं.

सगळ्यात मागच्या रांगेत वहिनी होत्या, मास्तरच्या पत्नी. त्या येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. लोक त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. गर्दी पांगल्यावर त्या ताईपाशी आल्या. मी ताईच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माफ करायला आले नाही मी," त्या म्हणाल्या. "मुलगी शाळेत एकटी बसते आता. ते सांगायलाही आले नाही." त्यांनी रिकाम्या पडद्याकडं बघितलं. "त्यांचा ढोलाचा भाग आहे ना मधला, तो मला द्याल? ते आत काही वाजवत नाहीत. बोटं वळत नाहीत त्यांची. मुलीला बाप हातात कांडी धरलेला बघायचाय."

ताईनं तिथंच बसून त्यांना तो भाग काढून दिला. 

ताई महिन्यातून एकदा तुरुंगात मास्तरला भेटायला जाते. तो भेटायला येत नाही. ती बाकावर बसते, वेळ संपल्याचं सांगतात, ती परत येते. मी तिला विचारलं, कशासाठी जातेस? ती म्हणाली, त्याला कळतं ना मी आलेय ते. बस्स. तिच्या फुफ्फुसाचा एक कोपरा कायमचा गेलाय, डॉक्टर म्हणतात धूळ आणि धुरापासून जपा. ती जपते. नव्या जागा निघाल्यात शहरात, एका बंद गॅरेजमध्ये पोरं जमतात असं कानावर येतं. तिला कुणी बोलावत नाही आणि ती जात नाही.

सकाळी दहाला शटर उघडतो. काल एक मुलगी आली होती, पहिल्या नोकरीच्या ओळखपत्रासाठी. केसांना निळा रंग, नखांत काळी शाई. स्टुलावर बसली आणि ताईकडं नीट निरखून बघत राहिली, तिच्याबद्दल काहीतरी ऐकून आल्यासारखी. ताईनं तिला हनुवटी खाली घ्यायला सांगितलं, फोटो काढला, आणि छापून होईपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. मुलगी फोटो घेऊन गेली. गॅरेजचं नाव तिनं काढलं नाही.